दमदमा : डोंगर नसलेल्या शहरातील एक उंचवटा

महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या शहरांना आपापला डोंगर आहे. पुण्याला पर्वती आहे, साताऱ्याला अजिंक्यतारा आहे, नागपूरला सीताबर्डीची टेकडी आहे. शहर पायथ्याशी वाढत जाते आणि डोंगर त्याच्या इतिहासाचा साक्षीदार होतो. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले ते १७४९ साली. याच पर्वतीवर १७६१ मध्ये त्यांनी देह ठेवला. आणि १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईचा धुरळा दुसऱ्या बाजीरावाने पाहिला तोही येथूनच. त्याच महिन्याच्या अखेरीस सीताबर्डीच्या टेकडीवर नागपूरकर भोसल्यांच्या स्वातंत्र्याचा निकाल लागला. मराठी माणसाला शहराचा इतिहास सांगायचा झाला, तर तो नकळत आधी टेकडीकडे बोट दाखवतो.

कोलकात्याच्या बाबतीत असे बोट दाखवण्याची सोय नाही. गंगेच्या त्रिभुज प्रदेशात, नदीने आणून टाकलेल्या गाळावर हे शहर वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची साधारण दीड ते नऊ मीटर. पाया खणताना कितीही खोल गेले तरी चिकणमाती, रेती आणि कुजलेल्या वनस्पतींचे थर लागतात. खडक लागत नाही. शहरातील सर्वांत उंच नैसर्गिक जमीन म्हणजे हुगळी नदीचा काठ. पुराच्या वेळी नदी जड गाळ काठालगतच सोडते, त्यामुळे काठ उंचावत जातो आणि जमीन पूर्वेकडे, खाऱ्या तलावांच्या दलदलीकडे, हळूहळू उतरत जाते. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर ही जुनी गावे याच उंच काठावर वसली होती.

अशा या सपाट मुलखात, शहराच्या ईशान्येला एक वस्ती आहे, जिचे नावच मुळी उंचवट्यावरून पडले आहे. ती वस्ती म्हणजे दमदम. विमानतळामुळे हे नाव भारतभर परिचित झाले आणि एका कुप्रसिद्ध गोळीमुळे जगभर पसरले. तथापि त्याचे मूळ ‘दमदमा’ या शब्दात असावे, असे मानले जाते. फारसीतून आलेला हा शब्द मराठीलाही परका नाही. तोफा चढवण्यासाठी मातीचा भराव घालून उभारलेला उंचवटा म्हणजे दमदमा. वेढ्यांची वर्णने वाचणाऱ्या मराठी वाचकाला हा शब्द ओळखीचा वाटेल. कोलकात्याला जाणाऱ्या मराठी प्रवाशाचे विमान ज्या भूमीवर उतरते, तिचे नाव त्याच्याच भाषेतल्या एका लष्करी शब्दाचे भावंड आहे, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

ज्या उंचवट्यावरून हे नाव पडले असे सांगतात, तो आजही नागेरबाजार परिसरात आहे. त्यावर एक जुनी, पडकी इमारत उभी आहे. ती ‘क्लाइव्ह हाउस’ या नावाने ओळखली जाते आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत तिची नोंद आहे. १८२३ च्या अखेरीस कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर दमदमला गेले, तेव्हा येथे तोफखान्याच्या सेनापतींचे निवासस्थान होते. हेबर यांनी आपल्या रोजनिशीत या वास्तूचे वर्णन केले आहे. भोवतालच्या प्रदेशाहून बरीच उंच अशी मानवनिर्मित टेकडी, विटांची इमारत, लहान खिडक्या, भिंतींना दिलेले प्रचंड आधारस्तंभ, सभोवती बाग. वरचा मजला आणि बाग ही क्लाइव्हची भर. तळमजला आणि टेकडी मात्र त्याच्याही आधीची मानली जाते, असे त्यांनी नमूद केले. बंगालच्या हवेत बांधकामे फार काळ टिकत नाहीत, तेथे एवढे जुने काही उभे आहे याचे त्यांना नवल वाटले होते.

क्लाइव्हच्या आधीचा हा उंचवटा कोणाचा? तळमजला पोर्तुगीजांचा की डचांचा, असे तर्क पूर्वी केले जात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्व विभागाने येथे उत्खनन केले, तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच बदलले. मातीच्या थरांतून भांड्यांची खापरे आणि भाजलेल्या मातीच्या वस्तू मिळाल्या आणि इंग्रजांच्या आगमनापूर्वी कित्येक शतके येथे मनुष्यवस्ती होती, हे स्पष्ट झाले. बंगालीत अशा उंचवट्याला ‘ढिबी’ म्हणतात. घरे पडतात, त्यांच्यावर नवी घरे बांधली जातात, चुलीतली राख आणि फुटकी मडकी साठत जातात. पुराचे पाणी नको म्हणून पुढची पिढी थोडी आणखी भर घालते. शतकानुशतके हे चालले की सपाट प्रदेशात टेकडी तयार होते. दमदमच्या ईशान्येला काही तासांच्या वाटेवर चंद्रकेतुगढ आहे. तेथील ढिबींमध्ये १९५६ पासून कलकत्ता विद्यापीठाच्या आशुतोष संग्रहालयाने उत्खनन केले आणि दोन हजार वर्षांपूर्वीची समृद्ध नागरी संस्कृती उजेडात आली. दमदमची ढिबी त्या मानाने लहान असली, तरी ती याच प्रदेशातील आहे. कोलकात्याचा इतिहास २४ ऑगस्ट १६९० रोजी जॉब चार्नॉक सुतानुटीला उतरला तेव्हा सुरू झाला, असे दीर्घकाळ शिकवले जात असे. २००३ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने चार्नॉकला शहराचा संस्थापक मानता येणार नाही, असा निर्णय दिला. ज्या प्रश्नाची चर्चा न्यायालयात झाली, त्याचे एक उत्तर दमदमच्या मातीत पुरलेले होते.

या उंचवट्याचा मराठी इतिहासाशी असलेला संबंध समजून घ्यायचा, तर १७४२ सालाकडे वळावे लागते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्कर राम कोल्हटकर चौथाईच्या मागणीसाठी फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. नवाब अलीवर्दीखानाची बरद्वानजवळ कोंडी झाली, मे महिन्यात राजधानी मुर्शिदाबादेवर छापा पडला आणि जगत्शेठांची पेढी लुटली गेली. भागीरथीच्या पश्चिमेकडचा विस्तीर्ण मुलूख मराठ्यांच्या हाती गेला. पुढे नऊ-दहा वर्षे या स्वाऱ्या होत राहिल्या. १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे स्वतः बंगालमध्ये आले ते अलीवर्दीखानाच्या बाजूने, रघूजींना बाहेर काढण्यासाठी. पर्वतीचे मंदिर बांधणारे हेच ते पेशवे. ३१ मार्च १७४४ रोजी मनकरा येथे वाटाघाटींसाठी बोलावून अलीवर्दीखानाने भास्कररामांना त्यांच्या सरदारांसह दग्याने ठार केले. अखेर १७५१ च्या तहाने ओरिसा नागपूरकरांच्या ताब्यात आला आणि बंगालच्या चौथाईपोटी सालीना बारा लाख रुपये ठरले.

मराठी पाठ्यपुस्तकांत या साऱ्याचे वर्णन सहसा दोन-चार ओळींत आटोपते आणि त्या ओळी विस्ताराच्या, पराक्रमाच्या असतात. बंगालमध्ये मात्र या काळाचे नाव ‘बर्गीर हांगामा’ असे आहे. ‘बर्गी’ हे मराठी ‘बारगीर’ या शब्दाचे रूप. स्वतःचे घोडे घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर, हा फरक मराठी लष्कराच्या व्यवस्थेतला होता. बंगालच्या खेडुताला त्याच्याशी कर्तव्य नव्हते; त्याच्या दृष्टीने घोड्यावरून येणारा प्रत्येक स्वार बर्गी होता. कवी गंगाराम यांनी त्या काळातच बंगालीत ‘महाराष्ट्र पुराण’ रचले. जळणारी गावे, डोक्यावर गाठोडी घेऊन पळणारे लोक, स्त्रियांवरील अत्याचार, यांचे त्यात थेट वर्णन आहे. बरद्वानच्या दरबारातील बाणेश्वर विद्यालंकार यांनी संस्कृत ‘चित्रचंपू’त याच आपत्तीची नोंद केली. बर्गींचा धाक आणि खजिना देण्याची चिंता बंगालच्या अंगाईगीतात शिरली, आणि आजही तेथील आया ते गीत म्हणून मुलांना झोपवतात.

येथे डोंगराचा प्रश्न पुन्हा येतो. सह्याद्रीतील रयतेला परचक्र आले की डोंगराकडे जाण्याची वाट माहीत होती. शिवाजी महाराजांच्या स्वराज्याचा आधारच मुळी किल्ले होता. मुलूख गेला तरी गड राहत असे आणि गड राहिला की मुलूख परत मिळण्याची आशा राहत असे. बंगालच्या पश्चिम भागातील कुणब्याला, कोष्ट्याला, भटजीला असा आसरा नव्हता. चढून जावे अशी जागाच नव्हती. ओलांडून जावी अशी एक नदी तेवढी होती. मराठी घोडदळाला भागीरथीचे पात्र सहज पार करता येत नसे, विशेषतः पावसाळ्यात. त्यामुळे हजारो कुटुंबांनी पूर्वेचा काठ गाठला. त्यांतील कित्येक कलकत्त्यात स्थायिक झाली आणि शहराची वस्ती वाढली. ज्यांच्या पूर्वजांनी डोंगराच्या आधाराने मोगलांशी झुंज दिली, त्यांचीच घोडी अशा मुलखात शिरली होती जेथे लपायला डोंगर नव्हता. मराठी वाचकाने या इतिहासाकडे पाहताना हा विरोधाभास नजरेआड करता कामा नये. तो डोळ्यांसमोर ठेवल्याने मराठ्यांच्या पराक्रमाला उणेपणा येत नाही, मात्र त्याची किंमत कोणी मोजली हे त्याने कळते.

कलकत्त्याच्या रहिवाशांनीही भीतीपोटी एक उपाय योजला. शहराला डोंगर नव्हता, तटबंदी नव्हती. तेव्हा त्यांनी जमीन खणली. नवाबाच्या परवानगीने शहराभोवती सात मैलांचा खंदक काढण्याचे ठरले. कंपनीच्या कौन्सिलने पंचवीस हजार रुपये कर्जाऊ दिले, त्यांची परतफेड रहिवाशांनी करायची होती. उत्तरेला बागबाजारपासून काम सुरू झाले आणि सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खंदक तयार झाला. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत, म्हणून उरलेले काम तसेच सोडून देण्यात आले. इंग्रजांच्या कागदपत्रांत आणि नकाशांत या खंदकाचे नाव ‘मराठा डिच’ असे आले आणि शहरवासीयांना थट्टेने ‘डिचर’ म्हटले जाऊ लागले. १७९९ साली खंदकाचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधला गेला. आज आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस या दोन शास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखले जाणारे रस्ते साधारणतः त्याच रेषेवरून जातात. बागबाजारमध्ये ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली अजून आहे. जे मराठे आले नाहीत, त्यांचे नाव कलकत्त्याच्या रस्त्याला अशा रीतीने चिकटून राहिले.

खंदकाच्या आत ते शहर आणि खंदकाच्या बाहेर तो मुलूख, अशी सीमा या उपायाने आखली गेली. दमदमचा उंचवटा या सीमेच्या बाहेर राहिला. खंदक मराठ्यांसाठी खणला होता. त्याची परीक्षा झाली ती दुसऱ्याच शत्रूकडून. जून १७५६ मध्ये नवाब सिराजउद्दौला कलकत्त्यावर चालून आला. १६ जूनला बागबाजारच्या बाजूचा हल्ला इंग्रजांनी परतवला. पण खंदक सर्वत्र पुरा नव्हता, आणि पूर्वेकडून नवाबाच्या फौजा आत शिरल्या. २० जूनला किल्ला पडला. २ जानेवारी १७५७ रोजी क्लाइव्ह आणि वॉटसन यांनी शहर परत घेतले. फेब्रुवारीत नवाब पुन्हा आला आणि त्याने उमीचंदाच्या हलसीबागानमधील बागेत मुक्काम ठोकला. ५ फेब्रुवारीच्या पहाटे दाट धुक्यात क्लाइव्हने त्याच्या छावणीवर चाल केली. हल्ला फसता फसता राहिला आणि त्यात इंग्रजांची माणसेही बरीच पडली. परंतु नवाबाचा धीर सुटला. त्याने छावणी हलवली आणि ९ फेब्रुवारीला अलीनगरचा तह झाला. इंग्रजी गॅझेटियर हा तह दमदम येथे झाल्याचे नमूद करते. साडेचार महिन्यांनी प्लासीची लढाई झाली. पुढे क्लाइव्हने ढिबीवरील जुन्या इमारतीला वरचा मजला चढवून ते आपले ग्रामनिवासस्थान केले. जुन्या वस्तीच्या राखेवर विजेत्याचा बंगला उभा राहिला.

१७८३ साली दमदम येथे बंगाल तोफखान्याची छावणी स्थापन झाली. शहरापासून जवळ आणि तरीही सराव करता येईल इतकी मोकळी जमीन, हे त्याचे कारण. ‘दमदमा’ हे नाव आता शब्दशः खरे ठरले. तोफांच्या उंचवट्याच्या नावाने ओळखली जाणारी वस्ती तोफांचे माहेरघर झाली. बरॅके, चर्च, बाजार, खलाशांच्या आणि नोकरचाकरांच्या वस्त्या, भोवतालच्या खेड्यांतून येणारे भाजीवाले आणि दूधवाले, असे एक छावणीचे गाव उंचवट्याभोवती वाढले. १८५३ मध्ये तोफखान्याचे मुख्यालय मेरठला हलवण्यात आले. दमदमला दारूगोळ्याचा कारखाना राहिला आणि नव्या एन्फील्ड बंदुकांचे शिक्षण देणारी शाळाही निघाली.

येथेच जानेवारी १८५७ मध्ये ती घटना घडली, जिचा उल्लेख उठावाच्या जवळजवळ प्रत्येक इतिहासात येतो. कारखान्यातील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितले. जात आडवी आली आणि शिपायाने नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला, की लवकरच गाईच्या आणि डुकराच्या चरबीची काडतुसे दातांनी तोडावी लागतील, मग जात कुठे राहणार? ही बातमी छावणीतून छावणीत गेली. मार्चच्या अखेरीस बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले आणि १० मे रोजी मेरठला, म्हणजे दमदमचा तोफखाना जेथे गेला होता त्याच गावी, उठावाला तोंड फुटले. या प्रसंगाकडे सामान्यतः चरबीच्या बाजूने पाहिले जाते. पाणी नाकारले गेलेल्या खलाशाच्या बाजूने पाहिले, तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या समाजाने त्याला घोटभर पाणी दिले नाही, त्याच्या वर्मावर त्याने नेमके बोट ठेवले होते. त्या खलाशाचे नाव इतिहासाने जपून ठेवलेले नाही.

याच कारखान्याने दमदमला जागतिक कुप्रसिद्धी मिळवून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांच्या देखरेखीखाली येथे अशी गोळी तयार झाली, जिचे टोक धातूच्या कवचाने पूर्ण झाकलेले नव्हते. शरीरात शिरताच ती पसरे आणि भयंकर जखम करी. वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांविरुद्ध अशी गोळी हवी, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे होते. १८९९ च्या हेग परिषदेने पसरणाऱ्या गोळ्यांच्या युद्धातील वापराविरुद्ध जाहीरनामा केला. तेव्हापासून जगातील अनेक भाषांत ‘दमदम’ हा शब्द एका निषिद्ध गोळीचे नाव म्हणून रुजला. ज्या मातीच्या उंचवट्यावरून शब्द निघाला, तो मात्र शब्दकोशाच्या तळाशी गेला.

दमदमच्या परिसरात आणखी एका प्रकारच्या उंचीचा प्रश्न सोडवला गेला, तो भूमापनाचा. त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी दूरवर दिसणारे बिंदू लागतात. दख्खनमध्ये भूमापकांना डोंगरमाथे मिळत; बंगालच्या सपाटीवर झाडेझुडपे आणि धुके यांपलीकडे काही दिसत नसे. म्हणून जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या कारकिर्दीत, १८३१-३२ च्या हिवाळ्यात, बराकपूर ट्रंक रोडवर पायारेषा मोजताना तिच्या दोन टोकांना पंचाहत्तर फूट उंचीचे पक्के मनोरे बांधावे लागले. दमदमपासून थोड्याच अंतरावर पश्चिमेला, रहदारीच्या रस्त्याच्या कडेला ते मनोरे अजून उभे आहेत. याच १८३१ सालाच्या शेवटी राधानाथ सिकदार नावाचा जोडासांकोचा अठरा वर्षांचा तरुण गणिती म्हणून सर्वेक्षणात रुजू झाला. १८५२ मध्ये, कलकत्त्यातील कार्यालयात बसून, ‘शिखर क्रमांक पंधरा’ हे ज्ञात शिखरांत सर्वांत उंच असल्याचे त्यांनी गणिताने सिद्ध केले. १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. १८६५ मध्ये त्या शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले, सिकदारांचे नाही. ज्या शहराला पाहायला एक टेकडी नाही, त्या शहरात बसून जगातील सर्वांत उंच पर्वत ओळखला गेला, ही गोष्ट गणित शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे.

विसाव्या शतकात दमदमचा संबंध मराठी घरांशी अगदी वेगळ्या वाटेने जुळला. ग्रामोफोन कंपनीने १९०८ साली कलकत्त्यात सियालदहजवळ तबकड्यांचा कारखाना काढला. तबकड्या लाखेपासून बनत, आणि लाख बंगाल व छोटा नागपूरच्या जंगलांतून मुबलक येई. १९२८ च्या सुमारास कारखाना दमदमला आला. कुत्र्याच्या चित्राच्या ज्या तबकड्या महाराष्ट्रातल्या घराघरांत वाजत होत्या, त्यांचे ध्वनिमुद्रण मुंबईत झालेले असले, तरी छपाई या कारखान्यात होत असे. नाट्यपदे, अभंग, भावगीते यांच्या तबकड्या रेल्वेने देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येत. लेबलावर बारीक अक्षरांत ‘दमदम’ हे नाव असे. एकेकाळी ज्यांच्या भीतीने कलकत्त्याने खंदक खणला, त्यांच्या नातवंडा-पतवंडांची गाणी खंदकापलीकडच्या या गावातून सह्याद्रीच्या गावांत पोचत होती. तबकडीवर सुई ठेवणाऱ्या किती जणांनी ते नाव वाचले असेल, हा भाग निराळा.

१९४७ च्या फाळणीनंतर दमदमला पुन्हा निर्वासित आले. दोनशे वर्षांपूर्वी पश्चिमेकडून भागीरथी ओलांडून लोक आले होते. आता ते पूर्व बंगालमधून आले. रेल्वेमार्गाच्या कडेने, जुन्या बागांतून, लष्कराने सोडलेल्या जागांवर वसाहती उभ्या राहिल्या. क्लाइव्ह हाउसच्या आवारातही कित्येक कुटुंबांनी आसरा घेतला. ज्या वास्तूत सेनापती राहत, तिच्या दालनांत चुली पेटल्या. इतिहासप्रेमींना त्याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण बेघर माणसाने उंच, कोरडी जागा शोधावी, हेच तर या ढिबीवर प्रथम राहायला आलेल्या माणसानेही केले होते. हळूहळू दमदम, नागेरबाजार आणि आसपासच्या वस्त्या एकमेकींना भिडल्या. घरे दुमजली, तिमजली, पुढे बहुमजली झाली. भोवतालच्या गच्च्या ढिबीहून उंच झाल्या आणि ज्या उंचवट्यावरून एकेकाळी सारा मुलूख दिसे, तो आता गल्लीच्या तोंडाशी गेल्याशिवाय दिसत नाही. १९९५ मध्ये विमानतळाला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव दिले गेले. लोकांच्या तोंडी मात्र अजून दमदमच आहे.

संरक्षित वास्तू म्हणून नोंद होणे आणि वास्तूचे रक्षण होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. क्लाइव्ह हाउसच्या भिंतींतून पिंपळ उगवलेले आहेत आणि विटा ढासळत आहेत. ज्याच्या नावाशी परकीय सत्तेचा आरंभ जोडलेला आहे, त्याचे घर का सांभाळावे, असा प्रश्न विचारला जातो आणि तो गैर नाही. परंतु ते घर पडले तर त्याच्याबरोबर त्याच्या तळातली ढिबीही जाईल, आणि तिच्यात क्लाइव्हपेक्षा कितीतरी जुने, नाव नसलेले लोक आहेत. मातीचे थर एकदा उपसून टाकले की ते पुन्हा वाचता येत नाहीत.

दरम्यान, शहराच्या पूर्वेला, धापा येथे, कोलकात्याची नवी टेकडी तयार झाली आहे. एकोणिसाव्या शतकापासून शहराचा कचरा तेथे नेऊन टाकला जातो. त्या कचऱ्याच्या खतावर पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकला आणि तो शहराच्या बाजारांत आला. आता त्या कचऱ्याचा डोंगर दुरूनही नजरेत भरतो. त्यावर कचरा वेचणारी माणसे दिवसभर वाकून काम करतात. दमदमची ढिबी आणि धापाचा डोंगर यांची जडणघडण एकाच प्रकारची आहे. माणसांनी वापरून टाकलेल्या वस्तूंनीच दोन्ही घडले. एका उंचवट्याला शतके लागली आणि त्यात मडकी, राख, विटा साठल्या. दुसऱ्याला दीडशे वर्षेही पुरली आणि त्यात आता प्लास्टिक साठते आहे. उद्याचा उत्खनन करणारा दोन्हींकडे सारख्याच कुतूहलाने पाहील.

मराठी शाळेच्या इतिहासाच्या तासाला बंगालवरील स्वाऱ्या शिकवल्या जातात, तेव्हा फळ्यावर नागपूर, कटक आणि मुर्शिदाबाद ही नावे लिहिली जातात. त्यांच्या जोडीला बागबाजार आणि दमदम ही दोन नावेही लिहिली जावीत. एका ठिकाणी मराठ्यांच्या भीतीने खणलेला खंदक होता, तो बुजला. दुसऱ्या ठिकाणी मराठ्यांनी कधी न पाहिलेला उंचवटा आहे, तो खचतो आहे. बारगीर हा शब्द बंगालमध्ये कोणत्या अर्थाने गेला आणि दमदमा हा शब्द जगात कोणत्या अर्थाने पोचला, हे ज्या विद्यार्थ्याला ठाऊक असेल, त्याला इतिहास केवळ आपल्या गडावरून पाहण्याची सवय लागणार नाही. समोरच्या सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाला तोच इतिहास कसा दिसला असेल, हे विचारण्याची बुद्धी त्याला होईल. साठ वर्षे मुलांना शिकवत आलेल्या शाळेने पुढच्या पिढीच्या हाती द्यावे असे याहून मोलाचे फारसे काही नाही.